मांडीतून डोळ्यापर्यंत

काचवाल्याला त्याची बायको ‘चौकशीची खिडकी’ म्हणायची. लोकांच्या खिडक्यांना काचा बसवणं, कपाटांना आरसे लावणं हा त्याचा धंदा. पण ज्याच्या घरी कामाला जाईल त्याला काम संपेपर्यंत प्रश्न विचारून तो भंडावून सोडायचा. मांजर कशीही पडली तरी पायांवरच कशी उतरते, कुलपाच्या आत नेमकं काय फिरतं, आजोबांना ऐकू कमी येतं तर ते मोठ्यानं का बोलतात. पटेल असं उत्तर मिळालं की पोटभर जेवल्यासारखा त्याचा चेहरा व्हायचा. बायको कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम करायची. तिचा स्वभाव बरोबर उलटा: आपण भले, आपलं काम भलं. “तुम्हाला नसत्या उचापती फार,” ती म्हणायची, आणि पुन्हा सुईत दोरा ओवायला लागायची.

त्यांची मुलगी ठकू, नुकतंच तिसरं लागलेली, बापावर गेली होती. दिसायलाही, आणि बोलायलाही. “हे काय?” हे तिचं पहिलं धड वाक्य. आई-बाबा म्हणायला ती नंतर शिकली.

एका दुपारी काचवाला कारखान्यात मोठा आरसा कापत होता आणि ठकू समोरच्या खोक्यावर बसून पाय हलवत होती. ऊन तिरपं आत आलं होतं. तिनं मान वळवली तेव्हा तिच्या उजव्या डोळ्याच्या बाहुलीत काहीतरी पांढुरकं चमकलं. अंधारात मांजराचा डोळा चमकतो तसं. काचवाल्याला वाटलं, आरशाचं प्रतिबिंब असणार. उजेड कुठून कुठे उसळी मारेल याचा नेम नसतो, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत? त्यानं आरशावर पोतं टाकलं. ठकूला परत तसंच बघायला लावलं. पुन्हा चमकलं. तिला खोक्यावरून उचलून दाराशी नेलं, उजेडाकडे पाठ केली, तोंड केलं. एका ठरावीक कोनातून प्रत्येक वेळी तेच. डाव्या डोळ्यात मात्र तसं काही नाही.

संध्याकाळी त्यानं बायकोला टॉर्च धरायला सांगितला.

“हे काय नवीन खूळ?” ती म्हणाली. मग तिलाही दिसलं, आणि तिनं टॉर्च खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी डोळ्यात एकदाच पाहिलं आणि लगेच फोन उचलला. तिथून मोठं हॉस्पिटल. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरबाई बुटक्या, जाड चष्म्याच्या आणि स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. ठकूला थोडा वेळ भूल देऊन त्यांनी दोन्ही डोळे आतून तपासले, एमआरआय काढला आणि मग दोघांना समोर बसवलं.

“डोळ्याच्या आत, अगदी मागे, एक पडदा असतो. त्यावर चित्र उमटतं म्हणून आपल्याला दिसतं. ठकूच्या उजव्या डोळ्यात त्या पडद्यावर गाठ आहे. कॅन्सरची गाठ. लहान मुलांनाच होणारी. डाव्या डोळ्यातही एक आहे, पण ती टाचणीच्या डोक्याएवढी. ती लेझरनं जाळता येईल. उजवीकडची मोठी आहे.”

बायकोनं ठकूच्या फ्रॉकची कड मुठीत घट्ट धरली. काचवाल्याचं तोंड मात्र बंद राहणारं नव्हतंच.

“बाहेर पसरलीय?”

“नाही. डोळ्याच्या आतच आहे. म्हणूनच आपल्याला निवड करता येतेय.” डॉक्टरबाईंनी तीन बोटं वर केली. “आधी जीव, मग डोळा, मग नजर. हा क्रम मी कधीही उलटा करत नाही. डोळा काढून टाकला तर त्या डोळ्यातला धोका तिथेच संपतो. पण आणखी एक वाट आहे. औषध फक्त त्याच डोळ्याला द्यायचं. जांघेतल्या धमनीतून केसासारखी नळी आत घालायची, पोटातून, छातीतून, मानेतून वर न्यायची आणि डोळ्याला रक्त नेणाऱ्या धमनीच्या तोंडाशी थांबवायची. तिथून औषध थोडं थोडं सोडायचं.”

“डोळा वर, आणि तुम्ही शिरणार खालून?” काचवाला पुढे सरकला. “मानेतून जवळ नाही का पडणार?”

“जवळ पडेल, पण मानेतल्या धमनीला इजा झाली तर मेंदूला धोका. जांघेत नळी काढल्यावर बोटानं दाबून रक्त थांबवता येतं.”

“आणि ती डोळ्याची धमनी केवढी?”

“शिवणाच्या दोऱ्याएवढी.”

बायकोनं मान वर केली. एवढ्या वेळात पहिल्यांदाच तिला काहीतरी डोळ्यांसमोर दिसलं होतं.

“मग औषध डोळ्यातून पुढे सगळ्या अंगात जाणार नाही?” काचवाला थांबायला तयार नव्हता.

“जाईल, पण आधी डोळ्याला भरपूर मिळालेलं असेल. आणि एकूण औषधच एवढंसं असतं.” डॉक्टरबाई किंचित हसल्या. “विचारा अजून. मला विचारणारे आई-वडील आवडतात. पण गाठ ऐकली नाही, तर डोळा काढायचा. तेव्हा माझ्याशी वाद घालायचा नाही.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. “नळी,” बायको म्हणाली. काचवाल्यानं मान डोलावली.

इथपर्यंत सगळं काचवाल्याला पेलवत होतं. पण उठता उठता डॉक्टरबाई म्हणाल्या, “दोन्ही डोळ्यांत गाठी असल्या की बहुतेक वेळा त्याचं मूळ जन्मापासूनच्या दोषात असतं, आणि तो आई-बापांकडून आलेला असू शकतो. तुम्हा दोघांचेही डोळे बघून घेते.”

दोघांच्या डोळ्यांत थेंब घातले. बाहुल्या मोठ्या झाल्या, समोरची माणसं धूसर झाली. बायकोचे डोळे चटकन तपासून झाले. काचवाल्याच्या डाव्या डोळ्यात मात्र डॉक्टरबाई बराच वेळ बघत राहिल्या. वर बघा, खाली बघा, नाकाकडे बघा, परत वर बघा.

“लहानपणी या डोळ्याला काही झालं होतं?”

“नाही. का?”

“इथे जुना व्रण आहे. पांढरा, खडूच्या चुऱ्यासारखा. रक्ताची तपासणी करून नक्की कळेलच, पण मी असे व्रण पाहिले आहेत. ठकूला आहे तीच गाठ तुम्हालाही झाली होती. तुमची वाढता वाढता थांबली. आपोआप.”

कोणीही उपचार केलेला नसताना कॅन्सरची गाठ आपोआप थांबते. आयुष्यात यापेक्षा चौकशी करण्यासारखं काचवाल्याच्या कानावर काही आलं नव्हतं. पण त्यानं एकही प्रश्न विचारला नाही. चष्मा नसलेल्या माणसानं चष्मा शोधावा तसे त्याचे हात खिशांवरून फिरले, आणि तो उठून बाहेर गेला.

त्या दिवसापासून घर गप्प झालं. रोज ठिबकणारा नळ अचानक बंद झाला की कान टवकारतात, तसं बायकोला झालं. तो काचा कापत होता, जेवत होता, ठकूला खेळवत होता. विचारत मात्र काहीच नव्हता. रक्ताचा निकाल डॉक्टरबाईंनी सांगितला होता तसाच आला, तेव्हाही त्यानं नुसतं “बरं” म्हटलं.

मग एका संध्याकाळी त्यानं आपल्या आईला फोन लावला.

“आई, लहानपणी माझ्या डोळ्याला काही झालं होतं का?”

“डोळ्याला?” पलीकडून मोठ्या आवाजात उत्तर आलं. “तिरळा होतास जरासा. दुडूदुडू चालायला लागलास तेव्हा. मी म्हटलं, दाखवू कोणालातरी. तुझे बाबा म्हणाले, मोठा झाला की जाईल. आणि गेलंच की! का रे? ठकूचं काय म्हणतात डॉक्टर?”

“सांगतो नंतर,” म्हणून त्यानं फोन ठेवला.

बायको समोरच बसून एका कोटाचं अस्तर उसवत होती.

“सगळे म्हणायचे ना, ठकू बापावर गेलीय,” तो म्हणाला. “मला किती बरं वाटायचं. गेलीच बघ.”

तिनं कात्री खाली ठेवली. “तुम्ही काय ठरवून दिलंत? नाकही तुमचंच दिलंय तिला, चांगलं भज्यासारखं. त्याबद्दल कधी माफी मागितली नाहीत ती.”

त्याला हसू आलं नाही. पण तो रडला, आणि तेही काही वाईट झालं नाही. ती उठून त्याच्याजवळ बसली. अस्तर तसंच अर्धवट लोंबत राहिलं.

पहिल्या उपचाराच्या दिवशी सकाळीच ठकूला आत नेलं. नळी घालणारे डॉक्टर वेगळे होते. उंच, अंगावर क्ष-किरण अडवणारा शिशाचा जड झगा, आणि चालताना वाकलेले. बाहेरच्या बाकावर काचवाला हात मांडीखाली दाबून बसला. बायको बसू शकत नव्हती. समोर काचेपलीकडे एक लहान खोली होती. तिथे टोपी आणि हातमोजे घातलेली एक बाई टेबलावरच्या फोनकडे बघत नुसतीच बसलेली दिसत होती. काही वेळानं ती मोजे काढून पाणी प्यायला बाहेर आली, तेव्हा बायकोनं आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. अनोळखी माणसाला हटकलं.

“तुम्ही कशाची वाट बघताय?”

“तुमच्या मुलीच्या नळीची,” ती बाई म्हणाली. ती औषधं तयार करणारी फार्मासिस्ट होती. “हे औषध आधीपासून करून ठेवता येत नाही. पाण्यात मिसळलं की लगेच त्याचा जोर उतरायला लागतो. नळी जागेवर पोचली की आतून फोन येतो. मग मी औषध करते आणि पळत नेऊन देते.”

“म्हणजे फोन आला नाही, तर नळी पोचलेली नाही.”

“हो. पण वेळ लागतो कधीकधी.”

बायको बाकावर येऊन बसली आणि आता तिचेही डोळे त्या फोनवर खिळले. फोन वाजला नाही. बराच वेळ वाजला नाही. मग दार उघडून उंच डॉक्टर स्वतःच बाहेर आले.

“ठकू ठीक आहे. माझे सहकारी तिच्याजवळ आहेत. पण अडचण अशी आहे की तिच्या डोळ्याची धमनी जिथून फुटते तिथलं वळण फारच आखूड आहे. नळीचं टोक तिथे टिकत नाही. ठेवलं की सरकून येतं.”

काचवाल्याचा चेहरा उतरला. डॉक्टर त्याच्याकडे बघत होते, पण बोलली बायको.

“दुसरीकडून जाता येत नाही?”

“तेच सांगायला आलो. डोळ्याला मुख्य धमनीतून रक्त मिळतं, पण काही मुलांमध्ये चेहऱ्याकडे जाणाऱ्या धमनीची एक बारीक फांदी आडवाटेनं जाऊन त्याच डोळ्याला मिळते. ठकूला तशी फांदी आहे असं चित्रात दिसतंय. तिथून जायचं म्हणतो.”

“पण मग औषध डोळ्याच्या आत जाईल की गालातच राहील? तुम्हाला कळणार कसं?”

डॉक्टर तिच्याकडे वळले. मग त्यांनी हवेत बोटानं एक कोर काढली. “आधी नुसता रंग सोडायचा, क्ष-किरणांत दिसणारा. तो डोळ्याच्या मागच्या भिंतीत पोचला तर समोरच्या स्क्रीनवर चंद्रकोरीसारखी सावली उमटते. कोर दिसली तरच औषध. नाही दिसली तर आज इथेच थांबायचं.”

“आणि त्या वाटेनं धोका जास्त?”

“वेगळा आहे. कपाळ, पापणी जरा लाल होईल, सुजेल. मेंदूकडच्या मोठ्या रस्त्यावर उलट कमी वेळ राहू.”

“मग जा तुम्ही,” बायको म्हणाली.

डॉक्टर आत गेले. काचवाला तिच्याकडे बघतच राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही बाई त्यानं पाहिलेली नव्हती.

“काय बघताय?” ती म्हणाली. “तुम्ही विचारेनात, मग कोणीतरी विचारायला नको?”

काचेपलीकडचा फोन वाजला. फार्मासिस्ट उठून उभी राहिली, फोनवर दोनच शब्द बोलली आणि काचेच्या पेटीसारख्या कपाटात हात घालून कामाला लागली. तिची बोटं घाई करत नव्हती, पण थांबतही नव्हती. काचवाला काचेला नाक लावून बघत होता. औषध रंगहीन होतं. एवढ्या सगळ्या खटाटोपानंतर ते साध्या पाण्यासारखं दिसावं, याचं त्याला मनातल्या मनात आश्चर्य वाटलं. ती बाई औषध भरलेली सिरिंज घेऊन खरंच पळत आत गेली.

सगळं संपल्यावर उंच डॉक्टरांनी शिशाचा झगा उतरवला तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. कोर दिसली होती. औषध थांबत थांबत सोडलं होतं. मधेच ठकूचा श्वास अडल्यासारखा झाला, तसं होऊ शकतं हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना ठाऊक होतं आणि ते तयारीत होते. आता सगळं बरं होतं.

खरी परीक्षा वॉर्डात सुरू झाली. ठकू जागी झाली, उजवी पापणी सुजून टम्म, आणि पहिल्यांदा म्हणाली काय, तर “खाली.” नर्सनं बजावून ठेवलं होतं की संध्याकाळपर्यंत उजवा पाय सरळच राहिला पाहिजे. वाकवला तर जांघेतून रक्त येईल. आता तिसऱ्या वर्षातल्या पोरीला पाय हलवू नको म्हणणं म्हणजे माशाला पोहू नको म्हणण्यासारखं. ठकू चुळबुळायला लागली. गुडघा उचलणार तेवढ्यात आईनं ओठांवर बोट ठेवलं.

“शूऽऽ. पाय झोपलाय. उठेल हं.”

ठकू थबकली. पायाकडे बघितलं. मग कुजबुजत म्हणाली, “का झोपला?”

“दमलाय. लांब जाऊन आला ना.”

“कुठे?”

“तुझ्या डोळ्यापर्यंत.”

ठकूनं यावर बराच विचार केला. “बूट घालून?”

आई अडकली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. काचवाला पलंगाच्या पायथ्याशी उभा होता, गेले कित्येक दिवस गप्प असायचा तसाच. पण प्रश्न रास्त होता, आणि उत्तर तर द्यायलाच हवं.

“बूट काढून गेला,” तोही कुजबुजला. “आत सगळं मऊ असतं. बूट घालून कसं जाणार?”

“अंधार होता?”

“होता. पण डॉक्टरांनी बाहेरून दिवा धरला होता.”

“पाय घाबरला?”

“जरासा. एका वळणावर अडकला. मग दुसऱ्या गल्लीनं गेला.”

आणि मग बापलेकीची जी कुजबूज सुरू झाली ती थांबेचना. पायाला भूक लागते का, पाय घोरतो का, डाव्या पायाला का नाही नेलं. शेजारच्या पलंगावरचा मुलगाही गप्प होऊन ऐकायला लागला. औषधांचा ट्रे घेऊन आलेली नर्ससुद्धा चवड्यांवर चालत गेली. संध्याकाळपर्यंत पाय झोपलेलाच राहिला.

फेरीला आलेल्या डॉक्टरबाईंनी पट्टी पाहिली, पापणी पाहिली आणि समाधानानं मान हलवली. त्या वळणार, तोच काचवाला म्हणाला, “डॉक्टर, माझी गाठ का थांबली?”

डॉक्टरबाई स्टूल ओढून बसल्या. “माहीत नाही.”

“म्हणजे तुम्हाला, की कोणालाच?”

“कोणालाच नीट नाही. तोच दोष, तीच गाठ. एका माणसात वाढत जाते, दुसऱ्यात काही दिवस वाढून थांबते. अंदाज पुष्कळ आहेत. खात्रीनं सांगता येईल असं काही नाही.”

“मग माझ्या डोळ्यात बघून काही कळेल?”

“एकट्या तुमच्या डोळ्यावरून नाही. पण असे पुष्कळ डोळे वर्षानुवर्षं पाहिले तर कदाचित. तुम्ही दरवर्षी येऊन फोटो काढू दिलात तर मला हवेच आहेत. तुमच्या स्वतःसाठीही ते गरजेचं आहे. थांबलेली गाठ क्वचित पुन्हा जागी होते.”

“येईन की. न यायला काय झालं?” त्यानं ठकूकडे पाहिलं. “आणि ठकूच्या मुलांना?”

“अर्धी शक्यता. पण त्यांचे डोळे जन्मल्यावर पहिल्या आठवड्यातच तपासता येतील, तुमच्यासारखं नशिबावर सोडावं लागणार नाही.”

त्या गेल्यावर बायको म्हणाली, “आता झोपा थोडं.” पण काचवाल्याला झोप कसली! तो तिला अंदाज सांगत बसला. त्याचे स्वतःचेच, एकाहून एक अचाट. तिनं ते सगळे ऐकून घेतले आणि दोन अंदाजांना नावंही ठेवली.

पुढचे उपचार महिन्या-महिन्याच्या अंतरानं झाले. दुसऱ्या खेपेला नळी मुख्य वाटेनंच बिनबोभाट गेली. का, ते उंच डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. ठकूच्या उजव्या डोळ्याच्या पापण्यांचे केस गळले, कपाळावर लाल पट्टा उठला आणि हळूहळू गेला. डाव्या डोळ्यातली बारीक गाठ लेझरनं जाळली. उजवीकडची आक्रसत गेली आणि शेवटी आत नुसतं निर्जीव, खडबडीत ढेकूळ उरलं. डोळा वाचला. मधली नजर मात्र बरीचशी गेली होती. बाजूनं काय दिसतं, किती दिसतं, ते एवढ्या लहान मुलीला विचारून कळण्यासारखं नव्हतं.

“त्या डोळ्याला काम दिलं पाहिजे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “रोज थोडा वेळ चांगल्या डोळ्यावर पट्टी लावा. चिडेल, रडेल. लावाच.”

ठकू चिडली, रडली, तिनं पट्टी खेळण्यातल्या बाहुलीला लावून टाकली. शेवटी आई तिला दुकानात घेऊन जायला लागली. शिवणाच्या मशीनशेजारी एका ताटात उरलेली, फाटलेल्या कपड्यांची, कोणी मागायला न आलेली बटणं ओतायची आणि पट्टी लावून ठकूला वेगळी करायला बसवायचं. सुरुवातीला ती नुसतं चाचपडायची. मग मान उजवीकडे वळवून, हनुवटी वर करून, कुठल्याशा फटीतून बघितल्यासारखं बघायला शिकली. मोठी एकीकडे, लहान एकीकडे. पुढे काळी आणि पांढरी. आई शिवता शिवता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहायची. पोरगी बोटांनी ओळखते की डोळ्यानं, ते तिला नक्की कळत नव्हतं, आणि विचारायची भीती वाटत होती.

एकदा काचवाला दोघींना न्यायला दुकानात आला होता. ठकूनं ताटातलं एक बटण न उचलताच, वरून, मान तिरपी करून बराच वेळ निरखलं.

“आई, याला तीन भोकं आहेत.”

“बटणाला दोन असतात गं, नाहीतर चार,” आई मशीन न थांबवता म्हणाली.

“तीन.”

आईनं मशीन थांबवलं. ताट जवळ ओढलं, बटण चिमटीत धरून दिव्याखाली नेलं. तपकिरी, लहानसं, जुनाट बटण. भोकं तीन होती. एखादं तुटलेलं नव्हे, मुद्दाम पाडलेली, समान अंतरावर. इतकी वर्षं ती हे काम करत होती, पण असं बटण तिनं कधी पाहिलं नव्हतं.

तिनं ते नवऱ्याच्या तळहातावर ठेवलं. त्यानं ते उलटंसुलटं करून पाहिलं, नखानं टोचून पाहिलं.

“तीन भोकांतून दोरा घालतात तरी कसा?” तो म्हणाला.

“मला काय माहीत?” बायको म्हणाली. “थांबा, बघू.” आणि तिनं सुई शोधायला घेतली. ठकू मान तिरपी करून दोघांच्या मधे घुसली.